तेवीस चित्रांवर जांभळा शिक्का

डोंबिवलीतल्या एका वाचनालयात मी गेली अठ्ठावीस वर्षं नोकरी करते आहे. लोक मला शांत, सरळ आणि नियमाची बाई म्हणून ओळखतात. यातलं शांत तेवढं खरं. चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी मी एक वाईट काम केलं आणि ते दुसऱ्या माणसाच्या नावावर खपवलं. खपवलं म्हणजे आरडाओरडा करून आरोप केला असं नाही. एक वाक्य अर्धवट सोडलं, एवढंच. त्या अर्ध्या वाक्यानं दोन म्हाताऱ्यांची चाळीस वर्षांची दोस्ती मोडली. त्यातला एक आता नाही. दुसऱ्यानं यंदा मला 'सांगा' म्हटलं, म्हणून मी हे सगळं सांगते आहे. आपणहून सांगितलं असतं की नाही, ते माहीत नाही.

ज्यांची दोस्ती मोडली त्यातले एक कल्याणच्या एका शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. आम्ही त्यांना सरच म्हणायचो. दुसरे आमच्या वाचनालयाची पुस्तकं बांधून देणारे बाइंडर. त्यांना मी काका म्हणायचे. काकांचं दुकान कल्याणात, सरांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. सर रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसत. मी पुस्तकांचा गठ्ठा द्यायला गेले की दोघांचं चाललेलं असायचं.

"तुझी खळ खाऊन कल्याणातली झुरळं जाडी झाली रे."

"मास्तर, तुमची चित्रं खाऊन ती मरतात. माझ्याकडे निदान पोट तरी भरतं त्यांचं."

सर काकांना अरे-तुरे करत, काका सरांना अहो-जाहो. वयात फार तर दोन-तीन वर्षांचा फरक असेल. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं.

एक दिवस सर वाचनालयात एक कापडी पिशवी घेऊन आले आणि माझ्या टेबलावर नऊ अंक मांडले. ऑस्ट्रेलियातलं एक जुनं मासिक, शंभर वर्षांपूर्वीचं. जाड तपकिरी कागदाचं वेष्टन, आत कविता, गोष्टी, चित्रकलेवरचे लेख, मागे पियानो आणि साबणाच्या जाहिराती. तिथल्या काही तरुण चित्रकारांनी आणि लेखकांनी मिळून ते काढलेलं. मोजक्या प्रती निघायच्या. सर तरुण असताना कल्याणच्या रेल्वे कॉलनीत एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या मुलीला चित्रकला शिकवायला जात. त्या घरातली कुणी आत्या मेलबर्नला होती, तिच्याकडून हे अंक आलेले. पुढे ते सगळं कुटुंबच ऑस्ट्रेलियाला निघालं आणि जाताना ही मासिकं सरांना देऊन गेलं.

"ऑस्ट्रेलियाला जाताना ऑस्ट्रेलियाची रद्दी कोण नेणार?" सर हसून म्हणाले. "त्यांना वाटलं असेल, तिथे काय, गल्लोगल्ली मिळेल."

मग त्यांनी एक अंक उघडला. मधल्या पानावर एक चित्र होतं. वाऱ्यात दोरीवर कपडे वाळत घालणारी बाई. मासिकाच्या कागदावर छापलेलं नव्हतं ते. वेगळा, पातळ, दुधावरच्या सायीसारखा कागद वरच्या कडेला किंचित चिकटवलेला, आणि खाली समासात पेन्सिलीनं चित्रकाराची सही.

"हा फोटो काढून छापलेला नाही," सर म्हणाले. "त्या माणसानं स्वतः लाकूड कोरलं, शाई लावली, कागद ठेवला, हातानं दाबला. प्रत्येक प्रतीसाठी वेगळा. मागून बोट फिरव."

मी फिरवलं. कागदाच्या पाठीवर रेषा लागत होत्या. हाताला चित्र लागलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. नऊ अंकांत असे तेवीस ठसे होते. जळलेली निलगिरीची झाडं, बंदरातली होडी, एक मोठ्या चोचीचा पक्षी, पावसातलं छपराचं स्टेशन. होडीचं चित्र दाखवून सर म्हणाले, "ही बघ आपली खाडी. फक्त डास नाहीत."

त्यांना हे अंक वाचनालयाला द्यायचे होते. शाळेतली मुलं येतील, बघतील, बोट फिरवतील. रविवारी ते स्वतः येऊन लाकडाऐवजी मऊ लिनोलियमचा तुकडा कोरून ठसा कसा काढायचा ते दाखवणार होते. अट एकच. "शिक्का चित्रावर मारायचा नाही. मागे पेन्सिलीनं नंबर घाल."

मी हो म्हटलं.

आता नियम सांगते, कारण त्यातच सगळं आहे. वाचनालयाच्या पुस्तकावर शिक्का तीन ठिकाणी बसतो. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि एका ठरलेल्या गुप्त पानावर, म्हणजे चोरानं पुढची-मागची पानं फाडली तरी पुस्तक ओळखता येतं. आमच्याकडे चौथा नियम होता. जिथे स्वतंत्र चित्र असेल तिथे चित्राच्या अंगावर शिक्का. दिवाळी अंकांतली रंगीत चित्रं कुणीतरी ब्लेडनं कापून नेत असे, म्हणून समितीनं तो केलेला. आदल्या वर्षीच्या तपासणीत चित्रं नाहीशी झाल्याचा शेरा माझ्या नावावर बसला होता. मी तेव्हा सहायक होते आणि ग्रंथपालाची जागा रिकामी होणार होती. नव्या तपासणीची तारीख आली तेव्हा मी नवीन आलेलं सगळं टेबलावर घेतलं आणि शिक्के मारायला बसले.

ते मासिकही त्या ढिगात होतं. विसरून नव्हतं आलेलं. मीच ठेवलं होतं.

समितीतले लोक विचारतील, यांवर शिक्का का नाही, आणि मी काय सांगू, सरांनी नको सांगितलं? असं मी स्वतःला म्हटलं. आणखी एक गोष्ट होती, ती लिहायला हात अडखळतो. अंक देऊन निघताना सर चार वाचकांसमोर म्हणाले होते, "तुम्ही लायब्ररीवाले म्हणजे पुस्तकाला नंबर समजता. हात लावायला शिकायचं तर आमच्या बाइंडरकडून शिका." सहज बोलले ते. मला लागलं होतं.

पहिला शिक्का त्या कपडे वाळत घालणाऱ्या बाईवर पडला. पातळ कागदानं शाई प्यायली. जांभळा गोल पसरला, बाईचा चेहरा आणि अर्धी दोरी त्यात गेली, आणि पान उलटलं तर मागेही उमटलेला. मी थांबले. नक्की थांबले, कारण त्या क्षणीचा पंख्याचा कटकट आवाज मला अजून आठवतो. तेव्हा थांबून उठले असते, तर एक चित्र गेलं असतं आणि सरांची माफी मागता आली असती.

मी विचार केला, एकावरच असेल तर ती माझी चूक दिसेल. सगळ्यांवर असेल तर नियम दिसेल.

म्हणून उरलेल्या बावीस चित्रांवरही मारले. घाईत नाही. प्रत्येक वेळी शाईची गादी नीट दाबून, शिक्का सरळ धरून.

पुढच्या आठवड्यात अंक बांधणीला गेले. तीन-तीन अंकांचे तीन खंड करायचे होते. परत आणून देताना काकांनी सांगितलं की नेहमीच्या खळीत ते किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालतात, पण मोरचुदाचा हिरवा डाग पडतो म्हणून या कामाला त्यांनी वेगळी खळ शिजवली होती, नुसत्या मैद्याची, रोज ताजी. कडाही कापल्या नव्हत्या. प्रत्येक चित्रावर बटर पेपरचं एक पान शिवून घातलं होतं. मी पान उचलून पाहिलं. खाली जांभळा गोल.

"मॅडम," काका हळूच म्हणाले, "शिक्के जरा जोरात बसलेत."

"नियम आहे," मी म्हटलं.

"हो. नियम आहे."

एवढंच. ते गठ्ठ्याची दोरी गुंडाळत राहिले.

दोन दिवसांनी सर आले. खंड बघून खूश झाले, पाठीवरून हात फिरवला, "वा रे गड्या" म्हणाले. मग उघडला. बटर पेपर उचलला. दुसरं चित्र. तिसरं. ते नुसती पानं उलटत राहिले. दुसरा खंड घेतला. तेवीसच्या तेवीस त्यांनी पाहिली. मग चष्मा काढला.

"हे कुणी केलं?"

इथे आमच्या वाचनालयाची एक पद्धत सांगायला हवी. बांधणीत पुस्तकाला नवी कोरी पानं लागतात, त्यांवर शिक्का हवा, म्हणून आमचा दुसरा शिक्का कायम काकांच्या दुकानात असे. सरांना ते माहीत होतं.

"अंक बाइंडिंगला गेलेले ना," मी म्हटलं, "आणि तो दुसरा शिक्का काकांकडेच…"

पुढचं वाक्य मी बोलले नाही. सर माझ्याकडे बघत राहिले. "त्यानं?" मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. टेबलावरची कार्डं सारखी करत राहिले.

"त्यानं?" त्यांनी पुन्हा विचारलं, पण आता मला नाही.

ते गेले. रविवारचं लिनोलियमचं शिकवणं झालंच नाही. सरांनी समितीकडे तक्रार केली. विचारणा झाली तेव्हा नोंदवहीच्या शेऱ्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं: 'बांधणीच्या वेळी चित्रांवर शिक्के उमटल्याने खराब.' वाक्य कसं केलं ते पाहा. शिक्के उमटले. कुणी मारले नाहीत. चित्रांवर शिक्के मारणं बाइंडरचं काम नव्हतं, म्हणून समितीनं काकांचं काम बंद केलं. त्या पत्राचा मसुदाही माझाच. वर्षभरात मी ग्रंथपाल झाले.

पुढे काकांचं दुकान बंद झाल्याचं कळलं. मुलाकडे ठाण्याला गेले म्हणे. सर त्यांच्या दुकानाच्या रस्त्यानं जायचे थांबले होते, हेही कुणाकडून तरी कळलं होतं. मी मात्र सरांकडे जात राहिले. दर दिवाळीत. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, वडिलांबरोबर राहायची. ती फराळाची ताटली आणून ठेवायची. एकदा सर असेच बोलता बोलता म्हणाले, "चाळीस वर्षं रोज बसलो गं त्याच्याकडे. माणूस कळत नाही बघ." माझ्या तोंडात चकली होती. मी ती चावून खाल्ली आणि म्हटलं, "सर, औषधं वेळेवर घेता ना?"

सहा वर्षांपूर्वी सर गेले. मला वाटलं, आता संपलं. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते.

यंदा दिवाळीनंतर एक मुलगी आली, चित्रकलेच्या कॉलेजातली. तिला जुन्या मासिकांतल्या हातानं काढलेल्या ठशांवर काहीतरी लिहायचं होतं. कुणाकडून तरी ऐकून आली होती. मी तिन्ही खंड काढून दिले. ती पानं उलटताना श्वास रोखून धरत होती. मग तिनं नोंदवही मागितली, शेरा वाचला, आणि मान हलवून म्हणाली, "कसला अडाणी बाइंडर असेल ना, मॅडम? एवढं सुंदर शिवलंय आणि शिक्के बघा."

"तो नव्हता," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे शिक्के मी मारले."

ती माझ्याकडे बघत राहिली. बहुतेक मी गंमत करते आहे का, ते ठरवत होती. चौदा वर्षं जे वाक्य घशात होतं ते एका अनोळखी मुलीसमोर इतक्या सहज बाहेर पडलं, याची मला लाजच वाटली. ज्यांना सांगायचं त्यांना सोडून हिला कशाला?

काकांच्या जुन्या दुकानाशेजारी विचारून पत्ता आणि फोन नंबर मिळवला आणि रविवारी मी ठाण्याला गेले. वागळे इस्टेटच्या मागे एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काका राहतात. मुलगा तिथेच खोके बनवणाऱ्या प्रेसमध्ये आहे. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मला ओळखलं, पण 'या' म्हणाली नाही. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली कॉटवर काका. हात थरथरत होते.

"मॅडम? वाट चुकलात की काय?"

मी उभ्यानंच सांगायला लागले. पाठ करून गेलेले, तरी मध्येच तुटलं.

"बसा. उभ्यानं काय सांगताय," ते म्हणाले. आणि मी बसल्यावर, "मला माहितीये की. माझ्याकडे आले तेव्हाच शिक्के होते. तेव्हा काही मी आंधळा नव्हतो. आता झालोय अर्धा."

"मग तुम्ही सरांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना! दुसऱ्याच दिवशी आले ते दुकानात. उभेच. म्हटलं, मास्तर, अंक आलेच असे. तर म्हणाले, ती बाई खोटं कशाला बोलेल?" काकांनी उशी पाठीशी ओढली. "मी म्हटलं, मग मी कशाला बोलेन? तर गप्प. मग गेले."



"चहा करायचा आहे का नाही, तेवढं सांगा," त्यांची बायको म्हणाली. नवऱ्याला, मला नाही.

"कर. त्यांना साखर घालू नको. लायब्ररीत बिनसाखरेचाच प्यायच्या."

तेवढंही त्यांच्या लक्षात होतं. मी रडायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं. रागानं नव्हे, कंटाळ्यानं.

"मला माफ करा, काका."

"ते राहू द्या. तुम्ही शिक्का मारलात, कागद खराब झाला. कागदच तो. आमचं दुकान तसंही बसणारच होतं, आता पुस्तकं कोण बांधतं? पण मास्तर गेले ते मला कसं कळलं माहितीये? रद्दीच्या पेपरात. पुठ्ठ्याला लावायला पेपर फाडत होतो, त्यात त्यांचा फोटो. दीड महिना झालेला." त्यांनी अंगावरची चादर सारखी केली. "आणि त्यांची पोरगी. लहान असताना दुकानात येऊन कागदाच्या कापलेल्या कडा गोळा करायची, वेण्या करायची त्यांच्या. काका, काका करायची. एकदा स्टेशनबाहेर समोरून आली. मला बघून पलीकडे गेली."

चहा आला. कप माझ्यासमोर जरा आपटूनच ठेवला गेला.

"मला सांगून काय उपयोग, मॅडम? मला तर ठाऊकच होतं. तिला सांगा."

"तुम्ही येता का माझ्याबरोबर?"

"मी नाही येणार," काका म्हणाले. "मी एकदा सांगून बघितलंय त्या घराला."

त्याच संध्याकाळी मी कल्याणला गेले. पुढच्या रविवारवर टाकलं असतं तर गेलेच नसते, मी स्वतःला ओळखते. सरांच्या मुलीनं दार उघडलं, हसली. "अगं ताई, न कळवता? ये ना." आत शिरून मी चपलासुद्धा नीट काढल्या नाहीत, एका दमात सांगितलं. मासिक, शिक्के, बाकीचे बावीस का मारले ते, दुसऱ्या शिक्क्याचं अर्धं वाक्य, शेरा, पत्र. काही वगळलं नाही. सरांच्या त्या चकलीच्या दिवशीचं बोलणंही सांगितलं.

ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"तू दर दिवाळीला यायचीस," ती म्हणाली.

"हो."

"बाबांच्या शेजारी बसायचीस."

"हो."

"शेवटच्या आजारात त्यांनी एकदा विचारलं होतं, तो आला होता का गं म्हणून. मला कळलं, कुणाबद्दल विचारतायत. मी म्हटलं, नाही, आणि येऊ पण नये. मी म्हटलं असं." ती खाली बसली. "गेल्यावरही कळवलं नाही. भाऊ म्हणाला, कळवू या का. मीच नको म्हटलं."

मी म्हटलं, "तुझी चूक नाही ती."

"तू नको सांगूस मला, माझी काय चूक आहे ते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.  खालच्या रस्त्यावर कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं.

"फोन आहे त्यांचा?"

मी माझा मोबाईल पुढे केला. तिनं नंबर तिच्या फोनवर दाबला, एकदा चुकला, परत दाबला. कानाला लावला. पलीकडे कुणीतरी बाईनं उचलला असावा, कारण तिनं नुसतं काकांबद्दल विचारलं, आपलं नाव सांगितलं नाही. मग थांबली. थांबण्यात तिचा चेहरा लहान मुलीसारखा होत गेला.

"काका," ती म्हणाली. "मी बोलतेय. मास्तरांची…"

पुढे तिला बोलता येईना. फोन कानाला तसाच धरून ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. आतून शब्द ऐकू येत नव्हते. मध्ये मध्ये 'हो', 'हो काका', एवढंच. मग तेही नाही.

मी थोडा वेळ बसून राहिले. ती बाहेर येईपर्यंत थांबावं असं वाटत होतं, म्हणजे कदाचित ती काही बोलेल, काका काय म्हणाले ते सांगेल. मग कळलं की ते मला सांगण्यासारखं नाही आणि मी विचारण्यासारखंही नाही. चपला सरळ केल्या, घातल्या, आणि बाहेर पडून दार आवाज न करता ओढून घेतलं.